सारांशाच्या पुढे, तात्पर्याच्या अलीकडे: सुट्टीतील वाचन आणि रसग्रहणाची पूर्वतयारी

हायस्कूलमध्ये प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादी कादंबरी किंवा कथासंग्रह वाचून त्यावर लिहून आणण्यास सांगितले जाते, तेव्हा परत येणाऱ्या वह्या बहुधा एकाच साच्यातल्या असतात. आधी तीन-चार पाने कथानक सांगितलेले असते आणि शेवटच्या परिच्छेदात ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की’ अशी सुरुवात करून प्रामाणिकपणा, मैत्री किंवा जिद्द यांपैकी एखाद्या सद्गुणाचे नाव घेतलेले असते. यातले काहीच चुकीचे नसते. लहान वर्गांत गोष्टीचे तात्पर्य सांगण्याची सवय लावलेली असते आणि त्या वयात ती उपयोगीही पडते. मात्र वरच्या वर्गांत ज्याला रसग्रहण किंवा साहित्यकृतीचे विश्लेषण म्हणतात, ते या दोहोंच्या मधल्या जागेत घडते. काय घडले ते सारांश सांगतो आणि काय शिकावे ते तात्पर्य सांगते. पण जे घडले ते कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या तोंडून सांगितले गेले, आणि त्यामुळे वाचणाऱ्यावर काय परिणाम झाला, हे विश्लेषणाने सांगायचे असते.

विद्यार्थिदशेत मीही असाच सात पानी सारांश मोठ्या अभिमानाने सादर केला होता. शिक्षकांनी समासात एकच ओळ लिहून तो परत केला: ‘पुस्तक मी वाचले आहे, तुला त्यात काय दिसले ते लिही.’ तेव्हा ती ओळ खोचक वाटली होती. आता दरवर्षी तीच ओळ वेगवेगळ्या शब्दांत मी इतरांच्या वह्यांवर लिहितो.

वेळेचा हिशोब

पहिली अडचण साहित्याची नसून दिनदर्शिकेची असते. विद्यार्थ्यांचे साधारणपणे दोन गट पडतात. एक गट सुट्टी लागताच चार दिवसांत पुस्तक संपवतो आणि शाळा सुरू होईपर्यंत पात्रांची नावेही विसरतो, तर दुसरा गट शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडतो. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपल्याच विस्मरणाची मोजमापे घेतली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावत जातो, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण गोष्ट निरर्थक अक्षरांपेक्षा पुष्कळ अधिक लक्षात राहते हे खरे; तरीही विश्लेषणाला लागणारे बारकावे, म्हणजे एखाद्या पात्राने वापरलेला नेमका शब्द किंवा एखाद्या प्रसंगातला हवेचा उल्लेख, सगळ्यात आधी पुसले जातात. म्हणून वाचता वाचता नोंद करणे आणि वाचन पसरून ठेवणे, हे दोन्ही आवश्यक आहे.

समजा, पुस्तक २४० पानांचे आहे आणि हाती ६ आठवडे आहेत. आठवड्यातून ५ दिवस, रोज १२ पाने या गतीने पहिल्या ४ आठवड्यांत पुस्तक वाचून होते. रोजचे हे वाचन नोंदींसह तासाभरात आटोपते. पाचवा आठवडा निवडक प्रकरणे पुन्हा वाचण्यासाठी आणि सहावा लिहिण्यासाठी ठेवावा. दुसऱ्या वाचनाचा आठवडा बहुतेक जण वाया गेलेला वेळ समजतात, पण माझ्या मते सगळ्या योजनेत तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. पहिल्या वाचनात आपण पुढे काय होणार या ओढीने पळत असतो, आणि पळणाऱ्याला रस्त्याच्या कडेचे फारसे दिसत नाही. शेवट ठाऊक झाल्यावरच दुसऱ्या प्रकरणातल्या एखाद्या सहज वाटलेल्या वाक्याचे वजन कळते.

पुस्तक निवडण्याची मुभा असेल, तर पहिले पान आणि मधले कोणतेही एक पान वाचून पाहावे. पानागणिक पाच-सहापेक्षा अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. पुस्तक अनुवादित असेल, तर अनुवादकाचे नाव वहीत आधी लिहून ठेवावे. कारण पुढे तुम्ही ज्या शब्दांची चर्चा करणार आहात, ते मूळ लेखकाच्या कथेतले असले तरी निवड अनुवादकाची असते.

पेन्सिल, चिठ्ठ्या आणि दोन रकाने

पुस्तक स्वतःचे असेल तर पेन्सिल हातात घेऊनच वाचावे. ग्रंथालयाचे असेल तर त्यात काहीही न लिहिता कागदाच्या अरुंद चिठ्ठ्या पानांत ठेवाव्यात. खुणा मोजक्याच असाव्यात: समजले नाही तिथे प्रश्नचिन्ह, आधी आलेली गोष्ट पुन्हा आली तिथे वर्तुळ, आणि अनपेक्षित वाटले तिथे फुली. पानभर रंगीत रेघा ओढल्या म्हणजे अभ्यास झाला, असा समज फार पसरलेला आहे. परंतु ज्या पानावर प्रत्येक ओळ अधोरेखित असते, त्यावर खरे तर कशाचीच निवड झालेली नसते.

यापेक्षा वहीचा उपयोग मोठा आहे. पान उभे दुभागून डाव्या रकान्यात पुस्तकातले शब्द जसेच्या तसे पृष्ठक्रमांकासह लिहावेत आणि उजव्या रकान्यात त्याविषयी आपल्याला काय वाटले ते लिहावे. उजव्या बाजूला ‘छान’, ‘सुंदर वर्णन’, ‘मला आवडले’ असे शेरे लिहिण्याचा मोह होईल. ते लिहिण्यास हरकत नाही, मात्र त्यांच्या पुढे ‘कारण’ हा शब्द घालून वाक्य पूर्ण करावे. ‘सुंदर वर्णन, कारण घराचे वर्णन करताना एकदाही आवाजाचा उल्लेख नाही आणि त्यामुळे ते घर रिकामे वाटते’, इथपर्यंत पोचलात की रसग्रहणाचे पहिले वाक्य तयार झालेच. न समजलेल्या जागा तर अवश्य नोंदवाव्यात. कळले नाही हे लिहिण्यास विद्यार्थी संकोचतात, पण पुढे सर्वांत चांगले निबंध मला याच प्रश्नचिन्हांतून निघालेले दिसतात.

संज्ञा किती लागतात

कथानक, निवेदक, व्यक्तिरेखा, स्थळकाळ, संघर्ष, प्रतिमा आणि आशयसूत्र एवढ्या संज्ञा नीट समजल्या तरी पहिल्या वर्षाला पुरतात. त्यांपैकी कथानकाविषयी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत दिलेले उदाहरण आजही सर्वांत सोपे आहे. ‘राजा वारला आणि मग राणी वारली’ ही नुसती गोष्ट झाली. ‘राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली’ हे कथानक झाले. पहिल्यात ‘मग’ आहे, दुसऱ्यात ‘म्हणून’ आहे. वाचत असताना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘मग काय झाले’ याऐवजी ‘हे कशामुळे झाले’ असे एक वाक्य लिहिण्याची सवय लावली, तर सारांशाची मगरमिठी आपोआप सैल होते.

निवेदकाकडे मात्र जितके लक्ष द्यायला हवे, तितके दिले जात नाही. गोष्ट सांगणारा आवाज म्हणजे लेखक नव्हे. ‘मी’ म्हणून बोलणारे दहा वर्षांचे मूल हे प्रौढ लेखकाने घडवलेले पात्र असते. ते जे पाहते पण ज्याचा अर्थ त्याला लागत नाही, तो वाचकाला लागावा अशी लेखकाची योजना असते. सर्वांच्या मनातले जाणणारा सर्वसाक्षी निवेदक वेगळा, एकाच पात्राच्या खांद्यावरून पाहणारा तृतीयपुरुषी निवेदक वेगळा. आणि काही निवेदक चक्क विश्वास ठेवण्याजोगे नसतात. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये अशा निवेदकाला ‘अविश्वसनीय’ ही संज्ञा दिली. ओळखण्याची खूण साधी आहे: निवेदक स्वतःविषयी जे सांगतो आणि त्याच्या कृतीतून जे दिसते, त्यांत अंतर पडू लागले की सावध व्हावे. ‘मला मुळीच राग आला नाही’ असे म्हणत जो दार आपटतो, त्याच्या पुढच्या पानांकडे जरा संशयाने पाहावे.

आपल्याकडील रसविचारही या कामी येतो, जरा जपून वापरला तर. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस सांगितले आहेत. शांत हा नववा रस नंतरच्या परंपरेत रूढ झाला. पण ‘या प्रसंगात करुण रस ओथंबून वाहत आहे’ असे लिहिल्याने विश्लेषण होत नाही, ते फक्त डब्यावर चिठ्ठी डकवल्यासारखे होते. भरताने रसाची निष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भावांच्या संयोगातून होते असे म्हटले. म्हणजे भावना कशामुळे जागी होते, ती पात्राच्या हालचालीतून कशी प्रकट होते आणि तिच्यासोबत आणखी कोणते भाव येतात-जातात, हे पाहण्याची दिशा त्याने दिली. रसाचे नाव अगदी शेवटी घ्यावे, आणि नाही घेतले तरी चालते. उपमा, रूपक, अनुप्रास या अलंकारांचेही तसेच आहे. अलंकार ओळखल्याबद्दल व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत गुण मिळतात. रसग्रहणात तो त्याच जागी का आला हे सांगावे लागते.

एक उतारा, जवळून

हे सगळे प्रत्यक्षात कसे करावे, ते पाहण्यासाठी पुढचा छोटा उतारा मी या लेखापुरता रचला आहे.

‘मुलाने ताटे घेतली. चार मांडली. मग एक उचलून परत कपाटात ठेवले. “भूक लागली आहे का?” बाबांनी विचारले. “नाही,” तो म्हणाला आणि पेल्यांत पाणी भरू लागला. पेले मात्र त्याने चार भरले.’

सारांश एका ओळीत संपतो: मुलगा जेवणाची तयारी करतो. तात्पर्य काढायचे तर ‘मुलांनी घरकामात मदत करावी’ असेही निघेल, आणि ते किती हास्यास्पद आहे हे उघड आहे. आता फक्त शब्दांकडे पाहू. ताटे आधी चार मांडली जातात आणि मग एक परत जाते, म्हणजे चार ही संख्या मुलाच्या हाताला सवयीची आहे आणि तीन ही नवी आहे. ‘परत’ हा शब्द ताटाची जागा सांगतो आणि मुलाने आपली चूक स्वतःच दुरुस्त केल्याचेही सुचवतो. बाबा भुकेविषयी विचारतात. त्या कमी झालेल्या ताटाविषयी कोणीच बोलत नाही. मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि काम थांबवत नाही, तेव्हा त्या उत्तराचा भुकेशी कितपत संबंध आहे, असा प्रश्न पडतो. वाक्ये आखूड आहेत, काही तर दोन-तीन शब्दांतच थांबणारी. भावनेचे नाव घेणारा एकही शब्द कुठे नाही.

शेवटच्या वाक्यात ‘मात्र’ आहे. हा शब्द कोणाचा? मुलाचा नक्कीच नाही, कारण आपण चार पेले भरले हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. आले असते तर ताटासारखाच पेलाही परत गेला असता. ‘मात्र’ निवेदकाचा आहे. मुलाला जे दिसले नाही ते निवेदकाला दिसते, आणि या एका अव्ययाने तो ते वाचकाच्या नजरेस आणून देतो. तो शब्द काढून वाक्य पुन्हा वाचून पाहा: ‘पेले त्याने चार भरले.’ नुसती माहिती उरते. एखादा शब्द महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवण्याची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे: तो काढून किंवा बदलून पाहायचा आणि काय हरवते ते लिहायचे.

आता सावधगिरीची गोष्ट. हा उतारा वर्गात ठेवला, तर अनेक जण लगेच ‘मुलाची आई वारली आहे’ असे लिहितील. उताऱ्यात आईचा उल्लेखच नाही. घरात कोणीतरी नाही, आणि ते नसणे अजून अंगवळणी पडलेले नाही, एवढेच शब्दांच्या आधारे म्हणता येते. ती व्यक्ती मरण पावली, दूरगावी गेली की भांडून निघून गेली, हे ठरवण्याचा अधिकार पुढच्या पानांना आहे. आधाराबाहेर एक पाऊल टाकले की विश्लेषण संपते आणि आपण स्वतःची गोष्ट लिहू लागतो.

निरीक्षणाकडून प्रतिपादनाकडे

वहीत अशी वीस-पंचवीस निरीक्षणे जमली, की ती एकत्र वाचून त्यांत वारंवार येणारे काही आहे का ते शोधावे. वर्तुळाच्या खुणा इथे कामी येतात. बंद खिडक्या पाच वेळा आल्या असतील, किंवा एक पात्र दर वेळी दुसऱ्याचे वाक्य तोडत असेल, तर तिथे काहीतरी आहे. त्यावरून एक विधान करावे आणि त्याला एकच प्रश्न विचारावा: हेच पुस्तक लक्षपूर्वक वाचलेला दुसरा माणूस याच्याशी असहमत होऊ शकेल का? ‘या कादंबरीत एका कुटुंबाची कथा आहे’ याच्याशी कोणीही असहमत होणार नाही, म्हणून ते प्रतिपादन नव्हे. ‘या कुटुंबातली माणसे दुःखाविषयी बोलणे टाळतात, पण त्यांचे हात ते उघड करतात’ याच्याशी वाद घालता येतो, आणि म्हणूनच त्यासाठी पुरावा देणे सार्थ ठरते.

परिच्छेद लिहिताना आधी विधान, मग पुस्तकातले मोजके शब्द, आणि मग त्या शब्दांचे स्पष्टीकरण असा क्रम ठेवावा. अवतरण जितके आखूड तितके चांगले. चार ओळींचे अवतरण देऊन ‘यावरून हे स्पष्ट होते’ असे म्हटल्याने काहीच स्पष्ट होत नाही. वरच्या उताऱ्यावरचा परिच्छेद साधारण असा होईल: ‘निवेदक दुःखाचे नाव न घेता ते वस्तूंच्या मोजणीतून दाखवतो. मुलगा एक ताट “परत” ठेवतो, म्हणजे घरातली उणीव त्याच्या बुद्धीला ठाऊक आहे. पण पेले “मात्र” चार भरतो, म्हणजे त्याच्या हातांनी ती अजून स्वीकारलेली नाही. बुद्धी आणि सवय यांच्यातल्या या एका पेल्याच्या अंतरात उताऱ्याची सारी वेदना सामावली आहे.’ यात उद्धृत केलेले शब्द दोनच आहेत. काळ वर्तमान ठेवला आहे, कारण पुस्तक उघडावे तेव्हा तो प्रसंग पुन्हा घडतच असतो. निदान एका निबंधात काळ बदलत राहू नये, एवढे तरी पाळावे.

कवितेसाठी पद्धत फारशी बदलत नाही. ती मोठ्याने दोनदा वाचावी आणि मग सरळ गद्यात तिचा अर्थ लिहून काढावा. हे बाळबोध वाटेल. केंब्रिजमधले अध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा करून १९२९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाचकांच्या अडचणींमध्ये पहिली जागा कवितेचा सरळ अर्थच न लागण्याला मिळाली होती. विद्यापीठातल्या वाचकांची ही स्थिती असेल, तर आपण तो गद्य अर्थ वहीत लिहिण्यात लाज कसली? नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना ओलांडून जाऊ नयेत, एवढेच सांगतो.

महाजालावर मिळणारे तयार सारांश आणि यंत्राने लिहून दिलेली रसग्रहणे यांविषयी माझे मत कडक नाही, पण क्रमाविषयी आहे. तुमची वही भरण्याआधी ती वाचली, तर तुमच्या डोळ्यांना फक्त त्यांत सांगितलेलेच दिसू लागते. वही भरल्यावर वाचली, तर त्यांच्याशी भांडता येते, आणि ते भांडण बरेच काही शिकवते. पुस्तकावर बेतलेल्या चित्रपटाचेही तसेच. आधी पाहिला तर पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात ते निघत नाहीत. त्यापेक्षा तेच पुस्तक वाचणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण गाठून, आठवड्यातून एकदा फक्त प्रश्नचिन्हांच्या जागांवर बोलावे.

निबंध पुरा झाला, की तो दोन दिवस बाजूला ठेवावा आणि तपासताना ज्या वाक्यात नुसते ‘काय घडले’ आहे, त्याच्या समासात पेन्सिलीने ‘सा’ लिहावे. सलग तीन वाक्यांना ‘सा’ लागला, तर त्यांतले एकच ठेवावे. मग पुस्तकाचे पहिले पान पुन्हा उघडावे. पहिल्या दिवशी तिथे ठेवलेल्या खुणा आणि आज ठेवाव्याशा वाटणाऱ्या खुणा वेगळ्या असतील. त्या नव्या खुणा वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहाव्यात, आणि वर्गात चर्चा सुरू होईल तेव्हा निबंधाऐवजी ते पान उघडून बसावे.